रात्री सारखं लघवीला उठणं : शुगर, प्रोस्टेट की वय?

धायरीकर

बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. गेले काही महिने रात्री तीन-चारदा उठतात. घसा कोरडा पडतो म्हणून उशाशी तांब्या ठेवलाय, तो सकाळपर्यंत रिकामा होतो. कॅनॉलच्या कडेनं फिरायला जाणाऱ्या त्यांच्या ग्रुपमध्ये यावर दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो प्रोस्टेट, दुसरा म्हणतो "शुगर बघा, माझं असंच सुरू झालं होतं." बाबांचा स्वतःचा तिसरा पक्ष : "वय झालं की होतंच, त्यात काय."

आजोबांना मधुमेह होता. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. बारीक अंगाचे आहेत, पोट थोडं पुढे. शेवटची रक्ततपासणी करोनाच्या आधी कधीतरी झालेली. डॉक्टरांकडे चला म्हटलं की "बघू पुढच्या आठवड्यात".

रात्रीची कोणती लक्षणं दिसली की शुगरचा संशय घ्यायचा? आणि तपासण्या नेमक्या कोणत्या? जाणकारांनी सांगावं.

पेठकर

रक्त काढून घ्या. इथे विचारून शुगर कळली असती तर लॅबवाल्यांनी कधीच शटर ओढलं असतं.

(हलकेच घ्या. पण रक्ततपासणी खरंच करून घ्या.)

अबोली

आमच्या पणजीचं निदान मोरीतल्या मुंग्यांनी केलं होतं असं आजी सांगायची. लघवीला मुंग्या लागल्या की जुनी माणसं ओळखायची. आता कमोडमुळे तीही सोय गेली :)

हिरवीपानं

बाबांना सकाळी अनशापोटी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू करा. आमच्याकडे सगळ्यांना गुण आला. गोळ्यांच्या चक्रात एकदा अडकलं की सुटका नाही.

पेठकर

@हिरवीपानं, अजून शुगर आहे की नाही तेच ठरलं नाहीये आणि तुम्ही रस काढायला घेतलात.

रात्रपाळी_डॉक

कोथरूडला जनरल प्रॅक्टिस करतो. रोज कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शुगरमुळे लघवी का वाढते ते. मूत्रपिंडातून रक्त गाळलं जातं तेव्हा साखरही गाळली जाते, पण निरोगी माणसात ती जवळजवळ सगळी परत शोषली जाते. या शोषण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या (दर डेसिलीटरला मिग्रॅ, पुढचे आकडेही तसेच) वर गेली की उरलेली साखर लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. खडकवासला भरल्याशिवाय मुठेला पाणी सुटत नाही, तसंच. मग लघवी जास्त, म्हणून तहान जास्त, म्हणून पाणी जास्त, की पुन्हा लघवी. अबोलींच्या पणजीच्या मुंग्या १८० ओलांडल्यावरच आल्या असणार. उपाशीपोटीच्या तपासणीत मधुमेह १२६ पासून पुढे धरतात. म्हणजे मधल्या पट्ट्यात माणूस मधुमेही असतो आणि रात्री ढाराढूर झोपलेला असतो. तिथे कितीतरी वर्षं निघून जातात.

म्हणून दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवायच्या. रात्री उठावं लागतं म्हणजे शुगरच, असं नाही. आणि उठावं लागत नाही म्हणजे शुगर नाही, असंही नाही.

आता बाबांचं. माझ्याकडे असे पेशंट आले की मी पहिल्यांदा प्लॅस्टिकचा मापाचा जग आणायला सांगतो. स्वयंपाकघरातला नको, वेगळा आणा, नाहीतर घरात महाभारत. दोन-तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळी किती मिली झाली आणि किती वाजता, ते वहीत लिहायचं. पेशंट कुरकुरतात, पण निम्मं निदान त्या वहीत असतं :

दर वेळी थोडीशीच, जोर करावा लागतो, धार बारीक, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही : पुरुषांत प्रोस्टेट. सोबत जळजळ असेल तर जंतुसंसर्ग.

दर वेळी भरपूर, आणि दिवसाही तितकीच भरपूर, चोवीस तासांत तीन लिटरच्या वर : इथे शुगर आधी बघायची.

दिवसा बेताची, रात्री मात्र भरपूर : हा प्रकार लोकांना माहीतच नसतो. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. संध्याकाळी घोट्याला सूज येते का, मोज्याच्या रबराचा वळ उमटतो का बघा. हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळीसुद्धा पाय सुजवते. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल (नावापुढे बऱ्याचदा 'एच' असतो) आणि ती रात्री जेवल्यावर घेत असतील तर तिथेच उत्तर आहे. पण गोळीची वेळ स्वतःच्या मनानं बदलायची नाही, बंद तर मुळीच करायची नाही.

शेवटचं, घोरणं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांमध्ये हृदयावर ताण येऊन एक संप्रेरक सुटतं, त्यानं रात्रीची लघवी वाढते. असे लोक तोंड उघडं टाकून झोपतात, म्हणून घसाही कोरडा. तहान आणि लघवी दोन्ही, शुगर नसताना! आईला विचारा, बाबा घोरता घोरता मध्येच गप्प होतात का.

शुगरच्या बाजूनं झुकवणाऱ्या खुणा : खाणं तेच असून वजन उतरणं, चष्म्याचा नंबर अचानक बदलल्यासारखं धूसर दिसणं, जखम चिघळत राहणं, आणि लाजेखातर कोणी बोलत नाही ती जांघेत, गुप्तांगाला येणारी खाज. ती रात्री जास्त छळते. बायका महिनोन्‌महिने मलम लावत बसतात, शुगर कोणी बघत नाही.

टेस्टट्यूब

डॉकना अनुमोदन. लॅबमध्ये काम करते, त्या बाजूनं थोडी भर.

फास्टिंग म्हणजे निदान आठ तास पोटात काही नको. साधं पाणी चालतं. "फक्त कपभर चहा घेतलाय" हे फास्टिंग नाही. रोज कोणीतरी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये थांबूनच येतं. पीपी म्हणजे जेवणानंतरची शुगर, तिचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आणि तपासणी आहे म्हणून आदल्या दिवशी उपास किंवा बिनभाताचं जेवण असला साळसूदपणा करू नका, नेहमीसारखं खा.

निदानाचे आकडे : फास्टिंग १२६ किंवा जास्त, एचबीएवनसी (थोडक्यात एवनसी, खाली सांगते) ६.५ टक्के किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त. लक्षणं ठळक असतील तर कुठल्याही वेळची २०० सुद्धा पुरते. लक्षणं नसतील तर दोन आकडे जुळावे लागतात, एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. फास्टिंग १०० ते १२५ किंवा एवनसी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था.

एवनसी ही तीन महिन्यांची साधारण सरासरी, पण ती लाल पेशींवर मोजतात. लोहाची कमतरता असेल तर खोटी जास्त दिसू शकते, नुकतंच रक्त गेलं किंवा दिलं असेल तर खोटी कमी. घरात कोणाला थॅलेसेमिया मायनर (रक्तातला आनुवंशिक दोष) असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

ग्लुकोमीटर रोजच्या लक्ष ठेवण्याला ठीक, निदानाला नाही. आणि बोट धुऊन कोरडं करा हो. आंबा चिरलेल्या हातानं घेतलेल्या रीडिंगवर एक काकू रडत आल्या होत्या.

नीलमोहर

विषय निदानाचा चाललाय, पण ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्या रात्रींबद्दल लिहायलाच हवं.

नवरा इन्सुलिनवर आहे. हिंजवडीहून ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला, नेहमीचं इन्सुलिन घेतलं आणि दोन घास खाऊन झोपला. पहाटे मला जाग आली ती अंथरूण ओलं लागलं म्हणून. बनियन पिळून काढावा इतका घाम, पंखा तर फुल होता. हलवलं तर डोळे उघडे, पण बोलणं तिसरंच. मी पाणी पुढे केलं तर माझा हात झटकला, "मला ऑफिसला उशीर होतोय" म्हणून ओरडला. क्षणभर वाटलं पॅरालिसिस. मीटर लावला : ५२. शुगर पार खाली गेली होती.

गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, अजून सत्तरच्या खाली होती, परत तेवढीच दिली. नंतर दूध-पोळी. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं, डोकं मात्र ठणकत होतं.

नंतर कळलं की हे आधीही होत असणार. मधूनमधून वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, उशी ओली. आम्ही ते कामाच्या ताणावर ढकलत होतो. डॉक्टरांनी डोस बदलला.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. सरळ १०८ लावा. आणि अशा वेळी चॉकलेट, पेढा वगैरे नको, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर उशाशी हवी.

रात्रपाळी_डॉक

@नीलमोहर, फार चांगलं लिहिलंत. शुगर अशी खाली जाणं फक्त इन्सुलिनवाल्यांना होतं असं नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड या शुगरच्या गोळ्यांवरही होतं, विशेषतः वयस्कर आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत. निमित्तं ठरलेली : श्रावणातले उपास, रात्रीचं जेवण टाळणं, आणि उपाशीपोटी दोन पेग. नुसत्या मेटफॉर्मिनवर (हीही शुगरचीच गोळी) सहसा होत नाही. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर शुगर उतरल्याची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. तेव्हा अशा माणसाला रात्री विनाकारण घाम आला की आधी मीटर, मग बाकीचं.

ज्यांना शुगरचं कुठलंच औषध चालू नाही, त्यांच्या रात्रीच्या घामाची कारणं वेगळी. वजन घटतंय, संध्याकाळी बारीक ताप येतोय, खोकला जात नाहीये असं असेल तर टीबी बघायचा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम असेल तर घरी चर्चा नको, थेट हॉस्पिटल.

सिंहगडाची_वाट

माझी उलटीच तऱ्हा. रात्री झोपताना १३०, मध्ये पाण्याशिवाय काही नाही, सकाळी १६०. बायको म्हणते रात्री फ्रीज उघडता. देवाशप्पथ नाही.

रात्रपाळी_डॉक

वहिनींना सांगा, तुम्ही निर्दोष असू शकता. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतं, यकृत साखर सोडतं. ज्याचं इन्सुलिन पुरेसं असतं त्याला फरक पडत नाही, मधुमेह्याची वाढते. एक-दोनदा पहाटे तीनचा गजर लावून मोजा. तेव्हा कमी असेल तर रात्रीचं औषध जास्त होतंय, तेव्हा ठीक किंवा जास्त असेल तर हा पहाटेचा चढ. दोन्हींचे उपाय उलटसुलट आहेत, म्हणून अंदाजानं गोळी वाढवू नका. फ्रीजला कुलूपही घालू नका, वहिनींनाच त्रास.

कात्रजचा_घाट

आईची तक्रार तळपायांची. दिवसा काही नाही, रात्री आग आग होते, चादरसुद्धा पायाला सहन होत नाही. ती पाय थंडगार फरशीवर टेकवून बसते. शुगर बारा वर्षं आहे. हे त्याचंच का?

रात्रपाळी_डॉक

बहुतेक नसांचं. पण बी-१२ तपासाच. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं ते कमी होऊ शकतं आणि लक्षणं हुबेहूब अशीच. शाकाहारी घर असेल तर जास्तच. तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून आणि ट्यूनिंग फोर्क लावून संवेदना बघतात, दोन मिनिटांचं काम आहे, तुमच्या डॉक्टरांनी केलं नसेल तर मागून घ्या. गरम पाण्याची पिशवी पायाशी अजिबात नको, चटका बसलेला कळत नाही. आग नसून नुसती पाय हलवत राहायची ओढ असेल तर वेगळा आजार, त्यात लोह बघतात.

अबोली

बारीक माणसाला शुगर होत नाही असं आमच्या सोसायटीत सर्रास म्हणतात. धायरीकरांचे बाबा बारीक आहेत ना?

टेस्टट्यूब

अहो, या समजुतीला सुरुंग लावणारं काम तर आपल्याच पुण्यात झालंय. इथल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं वजनाला कमी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, असं त्यातून दिसलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. म्हणून आपल्याकडे कंबर मोजतात, मर्यादा : पुरुष ९० सेंमी, बायका ८०. धायरीकर, "पोट थोडं पुढे" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण महत्त्वाचं तेच आहे.

हिरवीपानं

माझ्या प्रतिसादाचा विपर्यास झालाय. कारलं खाऊ नका असं कोणी म्हणू शकतं का?

पेठकर

खा की. भाजी करून खा. फक्त त्याला रिपोर्ट म्हणू नका.

चिमणी_पाखरं

मोठ्यांचंच चाललंय म्हणून मुलांबद्दल लिहिते. माझी मुलगी सहा वर्षांची, अंथरूण ओलं करणं बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. अचानक पुन्हा सुरू झालं. सगळे म्हणाले नवीन शाळा, टेन्शन, रात्री पाणी देऊ नका. ती रात्री उठून बेसिनच्या नळाला तोंड लावायची. फ्रॉक सैल व्हायला लागले. मग एके दिवशी उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास. टाइप वन निघाला, आयसीयूत ठेवावं लागलं. आता इन्सुलिनवर छान आहे, खेळते, पोहते.

मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं आणि पाणी पीत सुटलं, तर त्याच दिवशी बोटातून शुगर बघा. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, आणि पाणी तोडू नका.

रात्रपाळी_डॉक

+१. मुलांमध्ये तास महत्त्वाचे असतात. श्वासाला सडक्या फळासारखा वास, खोल श्वास, गुंगी यातलं काही दिसलं तर दवाखान्याच्या रांगेत बसू नका, मोठं हॉस्पिटल गाठा.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. धागा बाबांना वाचून दाखवला. पेठकरांचं त्यांना पटलं, बाकीच्यांचं पटायला वेळ लागला.

जग आणला. दोन दिवस बाबांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या थाटात वही ठेवली, तिसऱ्या दिवशी कंटाळले. पण तेवढ्यात चित्र स्पष्ट झालं : दिवसा बेताचीच, रात्री दर वेळी तीनशे-चारशे मिली. मोज्याचा वळ रात्री नऊलाही दिसत होता, आम्ही कधी बघितलाच नव्हता. गोळी अ‍ॅम्लोडिपिनच. आईला घोरण्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "मध्ये गप्प होतात तेव्हाच मला जरा झोप लागते." हे ऐकून डॉक्टरांनी झोपेची तपासणी लिहून दिली आहे, ती व्हायची आहे. बीपीची गोळी बदललीये, संध्याकाळी तासभर पाय उशीवर घेऊन पडायला सांगितलंय. हृदयाचा इको ठीक आला. फास्टिंग ९६, एवनसी ५.६. म्हणजे शुगर नाही.

पण रक्त न्यायला मुलगा घरी आलाच होता, म्हणून आईचंही दिलं. आईला काहीही त्रास नाही. रात्री एकदाही उठत नाही, तहान नाही, दिवसभर कामात. तिची फास्टिंग १३४, एवनसी ७.१.

घरात एकदम शांतता. आई म्हणते रिपोर्टची अदलाबदल झाली असणार.

टेस्टट्यूब

ट्यूबवरचं लेबल आणि वय-लिंग जुळवून बघा. शंका वाटत असेल तर पुन्हा द्या, दुसऱ्या लॅबमध्ये दिलंत तरी चालेल. पण दोन्ही आकडे एकाच बाजूला झुकलेत, त्यामुळे फार आशा लावू नका.

रात्रपाळी_डॉक

१३४ ला लघवीत साखर उतरत नाही, मग आई रात्री कशाला उठतील? जेवणानंतर थोडा वेळ वर जात असेल, तेवढं जाणवत नाही. सापडली हे बरंच झालं. आता औषधाबरोबर तीन गोष्टी लगेच : डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासणं (नंबर काढणं वेगळं), लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडातून गळणारं प्रथिन) आणि पायांची संवेदना. टाइप टूमध्ये निदानाच्या दिवशीच या तपासण्या करायच्या असतात, कारण आजार कधी सुरू झाला ते कोणालाच माहीत नसतं. कोलेस्टेरॉल आणि बीपीही बघून घ्या. ससूनला (सरकारी हॉस्पिटल) किंवा महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी केलीत तर खर्च आटोक्यात राहील.

आणि तुमचं वय काय, धायरीकर? आजोबा, आता आई. दोन्ही बाजूंनी आहे.

धायरीकर

पस्तीस. कंबर मोजली नाहीये.

पेठकर

मोजा. श्वास सोडून मोजा.

कात्रजचा_घाट

अवांतर : आईचं बी-१२ खूपच कमी आलं. इंजेक्शनं सुरू केलीत. तो नायलॉनचा धागा दोन्ही अंगठ्यांना जाणवला नाही, त्यामुळे दोन्ही कारणं असावीत असं डॉक्टर म्हणाले. घरात चप्पल घालायला सांगितलंय, पण स्वयंपाकघरात चप्पल म्हटल्यावर ती ऐकेना. कोणाकडे काही युक्ती?

अबोली

स्वयंपाकघरापुरती वेगळी जोडी घ्या, मऊ तळव्याची, मागून बंद. माझ्या सासूबाईंनी "ही बाहेर जात नाही" या अटीवर मान्य केली. घालण्याआधी आत हात घालून बघायला सांगा, खडा नाहीतर मोहरीचा दाणा असतोच कुठेतरी.